इनासचा युरोप आणि माझी सही

"जयंतभाऊ, इनास गेले," एवढंच फिलोमिनावहिनी म्हणाल्या आणि मग वसईच्या त्या घरातले माणसांचे आवाज मला फोनमधून ऐकू येत राहिले. मी दुबईजवळच्या जबल अलीतल्या आमच्या गोदामाच्या ऑफिसात उभा होतो. समोर दोन ड्रायव्हर डिलिव्हरी नोटवर शिक्का मारून घ्यायला थांबले होते. मी त्यांच्या कागदांवर शिक्के मारले, सह्या केल्या, 'यल्ला, जाओ' म्हणून त्यांना वाटेला लावलं आणि मगच खुर्चीवर बसलो. अशी बातमी कानावर पडल्यावरही आपला हात आपलं काम बिनबोभाट करत राहतो, याची त्या दिवशी मला फार चीड आली. नंतर वहिनींच्या भावाने सगळं सांगितलं. इनास चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जाऊन आला होता. पाऊस लांबला होता म्हणून वाडीत केळींना पाणी सोडलं आणि विहिरीच्या कठड्यावर टेकला, तो उठलाच नाही. छप्पन वर्षं म्हणजे काही जायचं वय नव्हे.

याला आता सहा आठवडे झाले. इनास परेरा शारजातल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायचा. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठिकठिकाणी त्याच्या आठवणी लिहिल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. मला लिहायचं आहे ते जरा वेगळं आहे. ज्या कागदामुळे त्याची ती नोकरी गेली, त्या कागदावर माझी सही होती. मी त्याचा मित्र होतो, शेजारी होतो, दर शुक्रवारी त्याच्या ताटाला ताट लावून जेवणारा होतो. ही गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. सांगायला माझ्याकडे सात वर्षं होती. आज तो वाचायला नाही तेव्हा सांगतो आहे, म्हणजे यात धाडस काही नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमची ओळख झाली तेव्हा आखाती युद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी, सुलभा आणि आमची अनुजा अल मजाजमध्ये, खालिद लगूनच्या काठच्या एका इमारतीत नुकते राहायला आलो होतो. आम्ही पाचव्या मजल्यावर आणि परेरा दुसऱ्या. एका शुक्रवारी सकाळी लिफ्टमध्ये कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक उंच, किडकिडीत माणूस भेटला. मी इथल्या सवयीने हिंदीत विचारलं, "कहाँ, ऑफिस? आज तो छुट्टी है." माझ्या हिंदीवरूनच त्याने मला ओळखलं असावं. मराठीत म्हणाला, "नाही हो, रविवारच्या मिस्साला चाललोय." इथे सुट्टी शुक्रवारची, तेव्हा चर्चनेही रविवारची प्रार्थना शुक्रवारी आणून ठेवलेली. मी हसलो. तो म्हणाला, "देवाची काही हरकत नाही. वार माणसांनी पाडलेत." त्या दुपारी तो आमच्याकडे जेवायला आला, पुढच्या शुक्रवारी आम्ही त्याच्याकडे गेलो आणि हे असंच साडेचार वर्षं चाललं. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. अनुजा शाळेत त्याला 'परेरा सर' म्हणायची आणि घरात 'इनास अंकल', आणि कुठे कुठलं म्हणायचं यात ती कधीही चुकली नाही.

मी बी.कॉम. झालेला, गोदामात माल आत-बाहेर करणारा माणूस. इतिहास म्हणजे माझ्या लेखी आपले गड-किल्ले. युरोपाशी माझा संबंध आमच्या जर्मन फोर्कलिफ्टपुरता. इनास मात्र नववी-दहावीला युरोप शिकवायचा आणि तो असा शिकवायचा, की अनुजा घरी आल्यावर आमच्या जेवणाच्या टेबलावरही युरोप यायचा. त्याची एक शिस्त होती. धड्यात जो कोणी मोठा पुढारी, सेनापती, विचारवंत असेल, त्याचं नाव शेवटच्या तासापर्यंत वर्गात कोणी घ्यायचं नाही. पुस्तकात छापलेलं असायचं, मुलांना पाठ असायचं, तरी तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की मुलांना वाटतं उत्तर संपलं, असं तो म्हणायचा. "जयंता, तू खोक्यावरचं लेबल वाचून माल ताब्यात घेतोस का? उघडून बघतोस ना? मी तेच करतो." शेवटच्या तासाला तो फळ्याच्या मधोमध ते नाव लिहायचा आणि मग भोवती मुलांनी सांगायचं, या माणसाला कोणाकोणाचे हात लागले. कोणी छापलं, कोणी वाहिलं, कोणी टाळ्या वाजवल्या, कोण गप्प बसलं. त्याच्यावर लिहिताना मीही त्याची शिस्त पाळतो आहे. त्यामुळे युरोपातल्या थोरांची नावं इथे सापडणार नाहीत.

चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या जर्मन साधूचा धडा तो शिकवत होता तेव्हाची गोष्ट. साधूने चर्चच्या दारावर कागद ठोकला असं म्हणतात, पण दारावरचा कागद वाचणार किती जण? गावातले चार शिकलेले. तो देशभर गेला कारण छापखाना नवा होता आणि छापणाऱ्यांना खपेल असा मजकूर हवा होता. मग युरोप हलवला कोणी, साधूने की छापखानेवाल्याने? अनुजा छापखानेवाल्याच्या बाजूने तावातावाने भांडत होती. मला राहवलं नाही. मी इनासला विचारलं, "तू स्वतः कॅथलिक. हा धडा शिकवताना जड नाही जात?" त्याने हातातला घास ताटात ठेवला. "जड जातं म्हणून तर नीट शिकवतो. तो साधू आमच्याच घरातला होता रे. पापाची माफी विकू नका, एवढंच सांगत होता. घरातलं माणूस ओरडत होतं आणि आम्ही खिडक्या लावून घेतल्या..." मग बराच वेळ तो जेवला नाही. फिलोमिनावहिनींनी त्याच्या ताटात आणखी एक सुरमईची तुकडी वाढली तेव्हा तो भानावर आला.

फ्रान्सच्या क्रांतीवर तर तो तीन आठवडे घ्यायचा. पॅरिसच्या बायका पावासाठी भर पावसात राजवाड्यापर्यंत चालत गेल्या, इथून तो सुरू करायचा. मुलं विचारायची, मग ते मोठमोठे विचारवंत, त्यांची पुस्तकं, त्याचं काय? तो म्हणायचा, पुस्तकं आधीच लिहून झाली होती, पण पुस्तक चालत नाही, माणसं चालतात. आणि मुलं खूश होऊन मान डोलावायला लागली की लगेच दुसरी बाजू टाकायचा. ती पुस्तकं नसती तर त्या बायका पाव घेऊन मुकाट घरी गेल्या असत्या, राजालाच सोबत घेऊन आल्या नसत्या. राजाला आपल्यापुढे उत्तर द्यावं लागेल, हे त्यांच्या कानावर कुठून तरी पडलेलं होतं. मग पुढे त्या बेटावरून आलेल्या सेनापतीने स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोक्यावर मुकुट ठेवला, तेव्हा मुलांना तो एकच प्रश्न विचारायचा. बघणारे काय करत होते? तर जयजयकार. दहा-अकरा वर्षांपूर्वी राजाचं डोकं उडवणारे हेच लोक. त्याचा राग कधी त्या सेनापतीवर नसायचा. त्याला सगळं कुतूहल त्या गर्दीचं. गर्दीत मागे उभा राहिलेला, नीट दिसतही नसताना टाळ्या वाजवणारा माणूस कोण, हे त्याला आयुष्यभर पडलेलं कोडं होतं. तो माणूस दर शुक्रवारी त्याच्यासमोर बसून जेवत होता, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

दोन महायुद्धांच्या मधल्या जर्मनीचा धडा आला तेव्हा त्याने मुलांना एक गृहपाठ दिला. तुमचं गावात छोटं दुकान आहे. एका सकाळी शेजारच्या दुकानाच्या काचेवर कोणीतरी रंगाने शिवी लिहून ठेवली आहे. शेजारी ज्यू आहे, वीस वर्षांची तुमची ओळख आहे. रस्त्यावर लोक बघत उभे आहेत. तुम्ही काय करता, हे घरच्या मोठ्या माणसांना विचारून लिहा. अनुजाने मला विचारलं. मी पेपर वाचत होतो. त्या दिवसांत रोज पेपरात बोस्नियाच्या बातम्या असायच्या, शेजाऱ्याने शेजाऱ्याचं घर जाळलं अशा. मी पेपर खाली ठेवून ऐटीत म्हणालो, "मी? मी बादली आणि फडकं घेऊन गेलो असतो. पुसली असती काच सगळ्यांदेखत." अनुजाने ते जसंच्या तसं लिहिलं. इनासने खाली तांबड्या शाईने शेरा मारला होता, 'बाबांना सांग, छान. घरात बसून बहुतेक सगळ्यांना असंच वाटतं.' मी त्या शुक्रवारी त्याला चिडवलं, "मास्तर, माझ्या शौर्यावर शंका?" तो हसून म्हणाला, "तुझ्यावर नाही रे. माझ्यावर आहे."

आता त्या कागदाकडे येतो.

सोव्हिएत देश मोडल्यानंतरची ती वर्षं. शारजाच्या विमानतळावर विमानं भरभरून रशियन माणसं यायची, त्यात बायका पुष्कळ. रोला चौकातल्या दुकानांतून त्या हेअर ड्रायर, ब्लँकेटं, कॅसेट प्लेयर घ्यायच्या, माणूस मावेल एवढ्या पट्ट्यापट्ट्यांच्या पिशव्यांत कोंबायच्या आणि तिकडे नेऊन विकायच्या. आपल्या लोकांनी त्या सगळ्या बायकांना एकाच मापाने मोजून ठेवलं होतं. त्यांच्याकडे बघून पुरुष डोळे मिचकवायचे आणि बायका पदर सावरून रस्ता बदलायच्या. इनासला मात्र त्यांच्यात युरोपचा इतिहास चालत-बोलत दिसायचा. "आपण वर्गात क्रांती शिकवतो, आणि तिचा शेवट इथे बाहेर पिशव्या उचलतोय," असं तो म्हणायचा. एका गुरुवारी, अर्धी शाळा सुटल्यावर, दहावीच्या बारा मुलामुलींना घेऊन तो रोला चौकात गेला. घरून लेखी परवानगीच्या चिठ्ठ्या त्याने घेतल्या नाहीत, ही त्याची चूक. पण तोंडी सगळ्यांना विचारलं होतं. मला तर जिन्यात गाठून विचारलं होतं आणि मी म्हणालो होतो, "खुशाल ने."

अनुजा त्या दिवशी घरी आली ती अक्षरशः नाचत आली. तिथे ल्युदमिला नावाच्या एका बाईशी ते बोलले होते. अठरा वर्षं ती एका शाळेत भूगोल शिकवत होती, मग पगार येईनासा झाला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, माझ्या वर्गात भिंतीवर देशाचा नकाशा आहे. देश गेला, नकाशा कोणी काढलेला नाही. मग तिच्यातली शिक्षिका जागी झाली असावी, कारण पिशवीवर बसल्या बसल्या तिने मुलांना विचारलं, बैकल सरोवर कुठे आहे? एका मुलाने बरोबर सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. इनासने मुलांना एवढंच सांगितलं, की देश मोडायच्या कागदावर ज्यांनी सह्या केल्या त्यांची नावं तुमच्या पुढच्या पुस्तकात येतील. हिचं नाव कुठे लिहायचं ते तुम्ही ठरवा. "बाबा, इट वॉज द बेस्ट क्लास एव्हर," अनुजा म्हणाली. सुलभाने तिला जवळ घेतलं. थोडक्यात, त्या दुपारी काय झालं हे मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ठाऊक होतं.

आठ दिवसांनी मोकाशी आले. मोकाशी आमच्याच इमारतीत राहायचे, शाळेच्या पालक मंडळात होते आणि माझ्या कंपनीत माझे मॅनेजर होते. त्यांचा मुलगाही दहावीत होता, पण तो त्या बारा जणांत नव्हता. त्यांनी एक टाईप केलेला कागद टीपॉयवर ठेवला. सहलीच्या नावाखाली वयात आलेल्या मुलींना संशयास्पद परदेशी बायकांच्या संपर्कात आणणाऱ्या शिक्षकाबद्दल पालकांना चिंता वाटते, अभ्यासक्रम बाजूला ठेवून भलतंच शिकवलं जातं, अशा शिक्षकाचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवू नये, असा मजकूर. खाली सोळा सह्या होत्या.

"तसं काही झालं नाही हो तिथे," मी म्हणालो. "माझी अनुजा होती ना बरोबर."

"मग तर तुमची सही सगळ्यात आधी पाहिजे, जयंतराव," मोकाशी म्हणाले. "लोग क्या बोलेंगे? ज्याची मुलगी गेली होती त्यालाच प्रॉब्लेम नाही? आणि इट्स ओन्ली अ लेटर. प्रिन्सिपॉल बोलावतील, वॉर्निंग देतील, खलास. नोकरीबिकरी काही जात नाही कोणाची."

माझी बढती त्या महिन्यात त्यांच्या टेबलावर होती. ते तिच्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत आणि त्यांना बोलायची गरजही नव्हती. सुलभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मी सही केली. मोकाशींनी धमकी दिली असती, आवाज चढवला असता, तर आज मला सांगायला काहीतरी निमित्त असतं. त्यांनी चहा घेतला, लगूनच्या कारंज्याचं कौतुक केलं आणि ते गेले. संध्याकाळी अनुजाने विचारलं, "बाबा, दे आर सेइंग देअर इज सम लेटर अगेन्स्ट परेरा सर. डिड यू साइन?" मी म्हणालो, "वेडी आहेस का? मी कशाला करू?" सुलभा ताटं मांडत होती, तिचा हात क्षणभर थांबला. पुढे कितीतरी महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पण अनुजाला तिने काही सांगितलं नाही.

अनुजाला मी हे सगळं गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं. ती आता पुण्यात इतिहासातच एम. ए. करते आहे, ते कोणामुळे हे सांगायला नको. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यू लेट मी गिव्ह हिम अ फेअरवेल कार्ड, बाबा. यू साइन्ड दॅट ऑल्सो." आणि फोन ठेवला. त्यानंतर ती आईशी दोनदा बोलली आहे, माझ्याशी नाही.

इनासचं कॉन्ट्रॅक्ट त्या वर्षी पुढे चालू झालं नाही. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की महिन्याभरात घर आवरून निघावं लागतं. त्याने दुसऱ्या दोन-तीन शाळांत, एकदा तर अल ऐनपर्यंत जाऊन विचारून पाहिलं. पण आमच्यासारख्यांची ही दुनिया लहान आहे, पत्र त्याच्या आधी पोचलेलं असायचं. सामान बांधायला मीच गेलो. आमच्या गोदामातली मजबूत खोकी नेली आणि त्याची पुस्तकं भरली. तीन शुक्रवार मी त्या घरात घाम गाळत होतो. प्रत्येक खोक्याला चिकटपट्टी लावताना वाटायचं, आता सांगावं. इनास पुस्तकं देताना मधेच एखादं उघडून उभ्याउभ्या वाचत बसायचा आणि वहिनी त्याला ओरडायच्या. शेवटचं खोकं बंद झालं तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जयंता, तू नसतास तर हे सगळं मला उरकलं नसतं." मला त्या वेळी वाटलं, बिचाऱ्याला काही ठाऊक नाही... त्या वाटण्यातही मला थोडी सुटका वाटली होती, हे लिहिताना आज स्वतःची किळस येते. मला बढती मिळाली हेही इथेच सांगून टाकतो.

वसईला जाऊन तो वडिलांच्या वाडीत रमला असं सगळे म्हणतात. खरं सांगायचं तर त्याला पुन्हा कायमची नोकरी मिळाली नाही. एका शाळेत दोन वर्षं बदली शिक्षक म्हणून केलं, मग संध्याकाळी पडवीत आठ-दहा मुलांना शिकवत राहिला. महिन्यातून एकदा मी टेलिफोन कार्ड घेऊन त्याला फोन करायचो आणि मिनिटं संपत आली की बरं वाटायचं. तो अनुजाचं विचारायचा, सुलभाच्या गुडघ्यांचं विचारायचा, मोकाशी कसे आहेत तेही विचारायचा आणि मी 'ठीक आहेत' म्हणायचो. युरोपात सगळ्यांचं मिळून एक नाणं आलं तेव्हा तो मुलासारखा खूश झाला होता. "ज्यांनी दोनदा एकमेकांची राखरांगोळी केली, त्यांनी एका खिशातून खर्च करायचं ठरवलं, जयंता. हे काही कुठल्या एका महापुरुषाने केलेलं नाही. कारकुनांनी केलंय! वर्षानुवर्षं कंटाळवाण्या बैठका घेऊन केलंय." प्रत्येक फोनच्या शेवटी तो म्हणायचा, "सुट्टीवर आलास की ये." आणि मी म्हणायचो, "इन्शाल्ला, या वर्षी नक्की." सुट्टीवर मी दर जुलैत पुण्याला यायचो. लग्नं, डॉक्टर, बँकेची कामं, काही ना काही निघायचं. वसईला गेलो नाही. त्याच्या दारात उभं राहायचं तर काहीतरी सांगावं लागेल, आणि न सांगता त्याच्या घरी जेवणं आता माझ्याच्याने होणार नव्हतं.

गेलो तो त्याला जाऊन महिना झाला तेव्हाच्या मिस्साला. चार दिवसांची रजा काढली आणि मुंबईला उतरून थेट वसई गाठली. चर्च भरलं होतं. वाडीत शिकणारी मुलं पहिल्या रांगेत बसली होती. फादरांनी त्याच्याबद्दल चांगले शब्द काढले. नंतर घरी जेवणं झाली, नातेवाईक हळूहळू पांगले आणि पडवीत मी आणि वहिनी दोघंच राहिलो. त्या सुपारी कातरत होत्या. मी सात वर्षं घोकलेलं वाक्य सुरू केलं, "वहिनी, एक गोष्ट सांगायची राहून गेलीय..."

"सहीचं ना?" त्या म्हणाल्या.

त्या अडकित्त्याकडे बघतच बोलत राहिल्या. "प्रिन्सिपॉलने बोलावून कागद समोर ठेवलेला यांच्या. त्याच दिवशी घरी येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पाचव्या मजल्यावर जाते आणि तोंडावर विचारते त्यांना. मी चप्पल घातली पण होती. यांनी दारात हात आडवा लावला."

"म्हणजे मी खोकी घेऊन आलो तेव्हा..."

"तेव्हा माहीत होतं. मी तुम्हाला चहा पण घुश्श्यातच दिला होता, भाऊ. तुमच्या लक्षात नाही आलं."

"मग तो बोलला का नाही मला? एकदा तरी. सात वर्षं फोनवर बोलत होतो आम्ही."

वहिनींनी अडकित्ता खाली ठेवला. "मी पण विचारलं होतं. कितींदा. तर म्हणायचे, विचारलं तर तो माफी मागेल, फिलू. आणि एकदा का माफी मागितली, की मग लाजेल आणि आपल्याकडे यायचा बंद होईल. मला माफी नको, मला जयंता यायला हवाय."

त्यांनीच मग माझी अवस्था ओळखून म्हटलं, तुमच्या गाडीला अजून तीन तास आहेत, वर जाऊन जरा पडा. त्या पुढे आणि मी मागे, असे आम्ही लाकडी जिना चढलो. वर माडीवर कोपऱ्यात एक लहान खोली होती. नारळाच्या बाजूला उघडणारी खिडकी, एक टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या, आणि खाट. खाटेवर निळ्या रेघांची स्वच्छ चादर घातलेली, कोपरे नीट आत खोचलेले.

"ही तुमची खोली," वहिनी म्हणाल्या.

"माझी?"

"आम्ही तिला तसंच म्हणतो. मे महिन्यात हे गादी उन्हात घालायचे. मग चादर स्वतः घालायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत, म्हणायचे तुला कोपरे खोचता येत नाहीत. जुलै लागला की रोज सकाळी येऊन झटकायचे. जयंता पुण्याला आला असेल, आता एखाद दिवशी टपकेल. मग ऑगस्ट उजाडला की गादी गुंडाळून ठेवायचे आणि खाली येऊन म्हणायचे, या वर्षी त्याला जमलं नसेल." त्यांनी खिडकी थोडी उघडली. "या वर्षीची पण घालून ठेवली होती. पडा तुम्ही, मी हाक मारते."

त्या खाली गेल्या. जिन्यावरची त्यांची पावलं थांबेपर्यंत मी दाराशीच उभा होतो. मग आत जाऊन खाटेच्या शेजारी, जमिनीवर बसलो. वहिनींनी हाक मारेपर्यंत तसाच बसून होतो. चादरीला मी हात लावला नाही.